कवटीबाहेरून हातापर्यंत

अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला मनुष्य काठीच्या आधाराने का होईना पुनः चार पावले चालू लागला, म्हणजे घरातली मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात, समाचाराला येणारे "चला, निभावले" असे म्हणून चहा घेऊन परततात, आणि रुग्णालयाच्या दप्तरात त्याच्या नावापुढे सुधारणा झाल्याचा शेरा पडतो. परंतु ज्याचा एक हात खांद्यापासून नुसता लोंबतो आहे, किंवा कोपरात आखडून छातीशी आवळला गेला आहे, त्याचा खरा अवघड प्रपंच तेथूनच सुरू होतो. पाय हा मोठा सोशिक अवयव आहे. त्यातली निम्मी शक्ती गेली तरी कंबरेच्या झोक्याने तो पुढे टाकता येतो, खांबासारखा ताठ ठेवून त्यावर भार तोलता येतो, आणि वाकडीतिकडी का होईना, चाल साधते. हाताला अशी तडजोड मान्य नाही. भाकरी थापावयाची तर एक तळवा ती थापीत फिरवितो आणि दुसरा तिच्या कडेला आवर घालतो. लुगड्याच्या निऱ्या घ्यावयाच्या तर एका हाताने धरलेले वस्त्र दुसऱ्या हाताच्या बोटांनी चुणावे लागते. लेंग्याची नाडी, सदऱ्याची गुंडी, औषधाच्या बाटलीचे झाकण, यांतली एकही गोष्ट दीड हाताने होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी कित्येक जण खोलीत शिरताना आपला निर्जीव हात चांगल्या हाताने उचलतात, त्याचा तळवा दुसऱ्या तळव्याशी नेऊन टेकवितात, आणि मग नमस्कार करतात.

भौतिकोपचार हा माझा चाळीस वर्षांचा व्यवसाय. या काळात रुग्णांचे व त्यांच्या नातलगांचे प्रश्न फारसे बदलले नाहीत. पण गेल्या काही वर्षांत त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. मुलगा, सून किंवा जावई दारापर्यंत सोडावयास येतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "डोक्याला बाहेरून करंट देऊन हात हलवतात म्हणे, खरे का ते?" या प्रश्नाला 'हो' म्हणणे खोटे आहे आणि 'नाही' म्हणणे त्याहून खोटे आहे. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला दोन वाक्यांत जे सांगता येत नाही ते सावकाश, बसून, संपूर्ण सांगावे, या इच्छेतून हे पुस्तक निघाले. आणि ज्याला पुस्तक वाचण्याची सवड नाही त्याने निदान ही प्रस्तावना वाचावी, म्हणून ती नेहमीच्या मानाने लांबली आहे.

या विकाराला आपल्या खेड्यापाड्यांतून अजूनही 'अंगावरून वारे गेले' असे म्हणतात. त्या शब्दप्रयोगाला हसण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात, वातव्याधींच्या प्रकरणात, शरीराचा एक पक्ष ग्रासून तेथील सिरा व स्नायू सुकविणारा वायू वर्णिला आहे, आणि लोकांच्या तोंडी असलेले वारे हे त्याच वायूचे दूरचे वंशज होय. एकाएकी येणे, एकच बाजू धरणे आणि बाहेरून कोणतीही जखम न दिसणे, ही तिन्ही लक्षणे त्या एका शब्दात नेमकी बसली आहेत. आज आपण जाणतो की हे वारे नसून मेंदूच्या एखाद्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी, अथवा फुटलेल्या धमनीतून झालेला रक्तस्राव, असतो. मोठी धमनी बंद झाली तर उपचारावाचून जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब जेफ्री सेव्हर या अमेरिकन वैद्याने २००६ साली मांडला. म्हणून पहिल्या तासांतील धावपळीचे महत्त्व कोणत्याही नंतरच्या उपचाराहून मोठे आहे, आणि या पुस्तकाचा विषय ती धावपळ संपल्यानंतरचा आहे, हे वाचकाने आरंभीच ध्यानात घ्यावे.

हाताला हुकूम कोठून सुटतो? मेंदूच्या दोन्ही गोलार्धांच्या पृष्ठभागावर करड्या द्रव्याचा एक वळ्यावळ्यांचा थर पसरलेला आहे; त्याला बाह्यक म्हणतात. कानाच्या वरून टाळूकडे आडव्या गेलेल्या त्याच्या एका पट्ट्यात शरीराच्या हालचालींची कचेरी आहे, आणि त्या कचेरीत हाताच्या, विशेषतः अंगठ्याच्या व बोटांच्या, वाट्याला आलेली जागा साऱ्या धडाच्या जागेहून कितीतरी मोठी आहे. तेथून निघालेले तंतू, एकेका बाजूला सुमारे दहा लाख, खाली येता येता एकत्र जुळतात, एका निरुंद पट्ट्यातून जातात, आणि लंबमज्जेच्या तळाशी त्यांतले बहुसंख्य तंतू बाजू बदलून पलीकडच्या अंगाला जातात. म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली की उजवा हात पडतो. तो निरुंद पट्टा, ज्याला वैद्य 'इंटर्नल कॅप्सूल' म्हणतात, हा आपल्या सह्याद्रीतल्या एखाद्या घाटासारखा आहे. पठारावर बरीचशी जमीन खचली तरी गाडीवान बांधाबांधाने वाट काढतो. पण खिंडीत लहानशी दरड कोसळली तरी वरचा मुलूख आणि खालचा मुलूख एकमेकांना पारखे होतात. चित्रात हरभऱ्याएवढा दिसणारा डाग एखाद्याचा संपूर्ण हात का नेतो, आणि त्याहून मोठा डाग दुसऱ्याची बोटे का राखतो, या नेहमीच्या कोड्याचे पुष्कळसे उत्तर या भूगोलात आहे.

मेंदूला वीज लावली तर अंग हलते, हे ज्ञान १८७० सालचे. गुस्टाव फ्रिट्श आणि एडुआर्ड हिट्झिग या दोघा तरुण जर्मन वैद्यांनी बर्लिनमध्ये, हिट्झिग याच्या राहत्या घरी, कुत्र्याच्या उघड्या केलेल्या मेंदूवर सौम्य विद्युत्‌प्रवाह लावून दाखविले की एका ठिकाणी स्पर्श केला असता विरुद्ध बाजूचा पुढचा पाय हलतो, दुसऱ्या ठिकाणी मागचा. तोपर्यंत बाह्यक हे विचाराचे स्थान असून त्याचा हालचालीशी साक्षात संबंध नाही, असे थोरथोर पंडित मानीत. पुढे चारच वर्षांनी, १८७४ मध्ये, अमेरिकेतील सिनसिनाटी येथे रॉबर्ट्‌स बार्थोलो याने कवटीला पडलेल्या व्रणातून जिचा मेंदू उघडा पडला होता अशा एका स्त्रीवर हाच प्रयोग केला. प्रवाह वाढविताच तिला झटके आले, आणि पुढे थोड्याच दिवसांत ती मरण पावली. त्याच्या स्वतःच्या व्यवसायबंधूंनीच त्याचा निषेध केला. हा प्रसंग मी मुद्दाम येथे नोंदवितो, कारण आजच्या या शास्त्राच्या सुरक्षिततेच्या नियमावल्यांमागे, त्यांतल्या कोरड्या कलमांमागे, त्या बाईचे प्राण आहेत.

कवटी न उघडता आतल्या कचेरीशी जाबसाल करण्याची युक्ती साधावयास मग एक शतकाहून अधिक काळ जावा लागला. १९८० मध्ये लंडनचे मर्टन आणि मॉर्टन यांनी डोक्याच्या कातडीवर विद्युदग्रे ठेवून उच्च दाबाचा क्षणिक धक्का दिला आणि धडधाकट माणसाचा हात हलवून दाखविला. पण कवटी हा विजेला मोठा अडथळा, आणि तिच्याआधी लागणारी कातडी मोठी हळवी, त्यामुळे तो धक्का असह्य होई. या अडचणीवर १९८५ मध्ये शेफील्ड येथील अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो तोडगा काढला तो मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर क्षण वाटतो. १८३१ मध्ये मायकेल फॅरडे याने सिद्ध केले होते की बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात विद्युत्‌प्रवाह निर्माण करते. विजेला अडविणारे हाड चुंबकत्वाला अडवीत नाही. तेव्हा तारेच्या वेटोळ्यातून क्षणार्धाहूनही कमी वेळ प्रचंड प्रवाह सोडावा, त्यातून उठलेले चुंबकीय क्षेत्र कवटीतून जणू ती नाहीच असे पार जाऊ द्यावे, आणि पलीकडे मेंदूच्या ओलसर द्रव्यातच वीज नव्याने उत्पन्न व्हावी! बार्करांनी वेटोळे डोक्यावर धरले, 'टक्' असा आवाज झाला, आणि हात हलला; वेदना म्हणावी अशी झाली नाही. दीडशे वर्षांपूर्वी प्रयोगशाळेच्या मेजावर सापडलेला नियम एका माणसाच्या बोटांपर्यंत येऊन पोहोचला. या पद्धतीला आज जगभर 'टी. एम. एस.' म्हणतात, मी तिला चुंबकीय उद्दीपन म्हटले आहे. तिचा प्रभाव वेटोळ्यापासून फार तर दोन-तीन सेंटिमीटर खोल पोहोचतो, आणि सुदैवाने हाताची कचेरी पृष्ठभागालगत आहे.

दुसरी पद्धत साधी, स्वस्त आणि म्हणूनच अधिक मोहात पाडणारी. ग्योटिंगेन येथील नित्शे आणि पाउलुस यांनी २००० साली दाखविले की मिठाच्या पाण्यात भिजविलेल्या स्पंजाच्या दोन पट्ट्या डोक्यावर बांधून त्यांतून एक मिलिअँपिअर इतका क्षीण, एकसारखा वाहणारा प्रवाह काही मिनिटे सोडला, तर धनाग्राखालच्या बाह्यकाची संवेदनशीलता वाढते आणि ऋणाग्राखाली ती घटते. या प्रवाहाने हात हलत नाही. चेतापेशी किंचित जाग्या किंवा किंचित सुस्त होतात, एवढेच. हिचे नाव 'टी. डी. सी. एस.', आपण तिला सरळ प्रवाहाचे उद्दीपन म्हणू. प्रवाहाचा बराच भाग कातडीतून व स्नायूंतूनच परस्पर निघून जातो, हे तिचे मूळ दुबळेपण आहे.

आता ज्या कल्पनेवर या उपचाराची इमारत उभी राहिली तिच्याकडे येऊ, आणि तिच्यापाशी जरा थांबू, कारण या विषयात जे काही चुकले आणि जे काही साधले त्याचे मूळ तेथे आहे. मेंदूचे दोन गोलार्ध हे एकाच वाड्यात नांदणाऱ्या दोन भावांसारखे आहेत. उजव्या हाताने सुईत दोरा ओवताना डाव्या हाताने मध्येच चुळबुळ करू नये, म्हणून ज्याचे काम चालू असेल तो गोलार्ध दुसऱ्याला दाबून धरतो. हा दाब परस्परांचा असतो आणि कामाच्या गरजेप्रमाणे क्षणाक्षणाला बदलतो. एक भाऊ आजारी पडला तर काय होईल? त्याच्याकडून येणारा दाब कमी होतो, सुदृढ भाऊ मोकळा सुटतो, आणि आजाऱ्याच्या राहिल्यासाहिल्या मुलखावर आपला अंमल अधिकच बसवितो. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत लिओनार्डो कोहेन यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखविले की निरोगी माणसाचा हात हलण्याच्या ऐन क्षणी दुसऱ्या गोलार्धाचा दाब सुटतो, परंतु अर्धांगाच्या रुग्णाने दुबळा हात हलवू म्हटले की सुदृढ गोलार्धाचा दाब शेवटपर्यंत तसाच राहतो. वाचकाच्या मनात जो शब्द आला असेल तोच माझ्याही मनात आला होता : भाऊबंदकी.

या निदानातून उपाय आपोआप सुचला. आजारी भावाला बळ द्यावे, किंवा सुदृढ भावाला आवरावे. चुंबकीय उद्दीपनाचे टोले सेकंदाला पाच किंवा त्याहून जलद दिले तर बाह्यक उत्तेजित होते आणि सेकंदाला एक या संथ गतीने दिले तर ते शांत होते, हे तोवर ठाऊक झालेच होते. 'उद्दीपन' या शब्दाने पुष्कळांची दिशाभूल होते ती येथे, कारण हाताच्या उपचारात सर्वाधिक वापरलेली रीत ही आजारी भागाला चेतविण्याची नसून निरोगी भागाला निजविण्याची आहे, आणि "चांगल्या बाजूला का यंत्र लावता?" असे विचारणारा नातलग अगदी रास्त प्रश्न विचारीत असतो. २००५ हे साल या क्षेत्रात मोठ्या आशेचे ठरले. इजिप्तमधील अस्युत येथे इमान खेद्र यांनी नुकताच झटका आलेल्या ५२ रुग्णांपैकी निम्म्यांच्या आजारी बाजूला दहा दिवस उद्दीपन दिले, निम्म्यांना नुसता देखावा, आणि उद्दीपन मिळालेल्यांची प्रगती सरस ठरली. जपानमध्ये ताकेउची यांनी सुदृढ बाजू शांत करून दुबळ्या बोटांच्या चिमटीची गती वाढलेली पाहिली. आणि फ्रिडहेल्म हुमेल व कोहेन यांनी सरळ प्रवाहाच्या एका बैठकीनंतर जुन्या रुग्णांची रोजच्या कामातली हातोटी थोडी सुधारल्याचे नोंदविले. या शेवटच्या प्रयोगात रुग्ण होते अवघे सहा.

लहान प्रयोगांची भिस्त मोठ्या प्रयोगाने पारखावी लागते. कोक्रेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१३ मध्ये चुंबकीय उद्दीपनाचे १९ प्रयोग, मिळून ५८८ रुग्ण, एकत्र तपासले आणि हा उपचार सरसकट देण्याइतका पुरावा नाही असा निर्वाळा दिला. त्यानंतर अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी मिळून एक मोठी चाचणी हाती घेतली. तिचा निकाल २०१८ मध्ये आला. झटक्यानंतर तीन ते बारा महिन्यांतले १९९ रुग्ण. सुदृढ गोलार्धावर सेकंदाला एक या गतीने उद्दीपन, तेही मेंदूच्या प्रतिमेवर नेमकी जागा हेरून. आणि प्रत्येक बैठकीला जोडून हाताचा कसून अभ्यास. उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी पाहिले तर खऱ्या उद्दीपनाच्या गटातील ६७ टक्के रुग्णांच्या हातात लक्षणीय सुधारणा होती, आणि देखाव्याच्या उद्दीपनाच्या गटातील ६५ टक्क्यांच्या.

हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा मला खेद झाला, हे मान्य करतो. परंतु दुसऱ्यांदा वाचताना माझी नजर दोन आकड्यांतील फरकावरून त्यांच्या उंचीवर गेली. झटका येऊन कित्येक महिने उलटलेल्या, "आता काय व्हायचे ते झाले" असे ज्यांना सांगून टाकण्याचा आपल्याकडे प्रघात आहे अशा दर तीन रुग्णांपैकी दोघांचा हात सुधारला होता! यंत्र खरे असो वा खोटे, दोन्ही गटांत समान होता तो हाताचा अभ्यास, आठवड्यामागून आठवडे, हाताशी धरून करवून घेतलेला. चाचणीने यंत्राच्या बाजूने दाखला दिला नाही. अभ्यासाच्या बाजूने मात्र, कोणी मागितलेला नसताना, देऊन ठेवला.

तरीही येथे फाइल बंद करणे उतावीळपणाचे होईल. यूरोपातील तज्ज्ञांच्या एका मंडळाने २०२० मध्ये, झटक्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांच्या व महिन्यांच्या काळात सुदृढ गोलार्धावर दिलेले संथ उद्दीपन हाताला निश्चित उपयुक्त आहे, असे सर्वोच्च श्रेणीचे मत नोंदविले. वरवर पाहता हा परस्परविरोध आहे. पण काळ निराळा, इजेची तीव्रता निराळी, आणि माझ्या समजुतीप्रमाणे सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भावाभावांचे नाते निराळे. कारण भाऊबंदकीचे ते चित्र अर्धेच खरे होते. ज्या रुग्णाची खिंड थोडी तरी उघडी आहे, त्याचा आजारी गोलार्ध स्वतःचा कारभार स्वतः पाहू शकतो, आणि तेथे सुदृढ भावाचा दाब हा जाचच असतो. परंतु ज्याची खिंड पार बुजली आहे, त्याच्या हाताला जी काही थोडीबहुत हालचाल उरते ती पुष्कळदा सुदृढ गोलार्धाच्या, बाजू न ओलांडणाऱ्या आडवाटांनी, आलेली असते. तेथे तो भाऊ दाबणारा नसून अज्ञान पुतण्याचा पालक झालेला असतो. त्याला निजविणे म्हणजे पोराचा आधार काढून घेणे होय. एकच उपचार एकाला तारक आणि दुसऱ्याला मारक ठरत असेल, तर दोघांची सरासरी काढल्यावर शून्य यावे यात आश्चर्य कसले? याखेरीज माणसामाणसांतील मूळचा फरक वेगळाच : २०१३ साली लंडनमध्ये पन्नासाहून अधिक निरोगी माणसांवर जलद टोल्यांच्या एका प्रचलित उद्दीपनाची परीक्षा घेतली तेव्हा काहींचे बाह्यक अपेक्षेप्रमाणे चेतले, काहींचे उलट निवले, आणि एकंदर परिणाम असा काही निघालाच नाही.

म्हणून आज या यंत्राचा मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपयोग उपचाराचा नसून तपासणीचा आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे कॅथी स्टिनिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपी पायरीपायरीची रीत बसविली आहे. झटक्यानंतर तिसऱ्या दिवशी रुग्णाला दोनच गोष्टी करावयास सांगतात, खांदा बाजूला उचलणे आणि बोटे सरळ करणे. त्यांत पुरेसे बळ दिसले तर हात चांगला सुधारेल असे मानतात. बळ दिसले नाही तर मात्र घाई न करता चुंबकीय उद्दीपनाचा एकेक टोला आजारी बाजूवर देतात आणि मनगटाच्या व बोटांच्या स्नायूंत त्याचा काही पडसाद उमटतो का ते पाहतात. उमटला, तर खिंड उघडी आहे. हात आज निश्चल असला तरी त्याच्यावर श्रम घालण्यात अर्थ आहे.

हा क्षण मी एकदा जवळून पाहिला. माझ्या एका मज्जाविकारतज्ज्ञ स्नेह्याने आपल्या तपासणीच्या खोलीत मला बोलाविले होते. खुर्चीवर पासष्टीच्या घरातल्या एक आजी होत्या. उजव्या हाताचे एकही बोट त्यांना हलविता येत नव्हते, आणि त्यांनी तो हात पदराखाली झाकून ठेवला होता. वेटोळे डोक्याच्या डाव्या बाजूला टेकले, दोन-तीनदा जागा बदलली, टक्-टक् आवाज झाले, आणि मग एकदम अंगठा, जेमतेम दोरा ओढावा इतकाच, पण सर्वांना दिसेल असा, उडाला. आजी कितीतरी वेळ अंगठ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारले, "हा मी हलवला, का तुम्ही?"

या विषयावर मी पुष्कळ वाचले आहे, पण इतका नेमका प्रश्न कोणत्याही ग्रंथात मला आढळला नाही. अंगठा आम्ही हलविला होता. त्यांच्या इच्छेचा त्यात काडीमात्र भाग नव्हता. यंत्राने हुकूम पाठविला आणि तो पोहोचला, म्हणजे डाकेची वाट शाबूत होती. पण त्यांचा स्वतःचा हुकूम त्या वाटेवर घालावयाचा तर ते काम कोणत्याही वेटोळ्याच्या आवाक्यातले नव्हते.

ते काम किती कष्टाचे असते याची जाणीव आम्हां धडधाकट माणसांना सहसा होत नाही. ती करून देणारा एक असामान्य लेख १९७३ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात आला. आल्फ ब्रोडाल हे ऑस्लो येथील शारीरशास्त्राचे प्राध्यापक. ज्या तंतूंचा मागोवा घेण्यात त्यांचे आयुष्य गेले त्याच तंतूंना १९७२ साली झटका बसला आणि त्यांची डावी बाजू दुबळी झाली. त्यांनी स्वतःलाच रुग्ण करून टिपणे केली. दुबळा स्नायू हलविताना शक्ती कमी पडते असे म्हणणे अपुरे आहे, असे त्यांना आढळले. खरा थकवा मनाला येतो, इच्छा एकवटावी लागते, आणि कोणी हात धरून तीच हालचाल दोन-चारदा करवून दिली की पुढची सोपी जाते. गळ्यातल्या 'बो' ची गाठ मारताना आपल्या बोटांना पुढची चाल ठाऊकच नाही असे त्यांना जाणवले, आणि ज्या बाजूला इजा नव्हती त्या उजव्या हाताचे अक्षरही बिघडले होते. प्रत्येक भौतिकोपचाराच्या विद्यार्थ्याने हा लेख पदवी घेण्यापूर्वी एकदा वाचावा असे मी आग्रहाने म्हणेन.

आणि आम्ही रुग्णांकडून अभ्यास किती करवून घेतो? अमेरिका व कॅनडा येथील ३१२ उपचार-बैठकींचे निरीक्षण करून कॅथरिन लँग यांनी २००९ मध्ये लिहिले की, दुबळ्या हाताने प्रत्यक्ष काम करण्याची आवृत्ती एका बैठकीत सरासरी ३२ वेळा होते. ज्या प्राण्यांच्या मेंदूत अभ्यासाने नवे फेरबदल झालेले दिसले त्यांच्याकडून दिवसाला शेकडो आवृत्त्या करविल्या जात. रॉबर्ट ऑग्डेन आणि शेपर्ड फ्रान्झ यांनी १९१७ मध्येच दाखवून दिले होते की अर्धांग झालेल्या माकडाचा चांगला हात बांधून ठेवला आणि दुबळा हात वापरण्यास भाग पाडले, तर तो पुष्कळसा परत येतो. हे ज्ञान दप्तरात पडून राहिले. एडवर्ड टाउब यांनी पुढे स्वतंत्रपणे तीच वाट चोखाळली, आणि २००६ मध्ये २२२ रुग्णांच्या चाचणीने सिद्ध झाले की चांगल्या हाताला जागेपणीचा बहुतेक वेळ हातमोजा घालून दोन आठवडे कसून अभ्यास केला असता दुबळा हात रूढ उपचारापेक्षा अधिक कामाला येतो. जेथे उद्दीपनाचा लाभ दिसला आहे तेथेही तो अभ्यासाच्या जोडीनेच दिसला आहे : ऑक्सफर्ड येथे २०१६ मध्ये २४ जुन्या रुग्णांना नऊ दिवस हाताचा अभ्यास व त्याच वेळी सरळ प्रवाह दिला, तेव्हा तीन महिन्यांनंतर प्रत्यक्ष काम करण्याच्या कसोट्यांत खऱ्या प्रवाहाचा गट पुढे होता. प्रवाहाने बाह्यक शिकावयास थोडे अधिक राजी होत असेल, असा याचा अर्थ मी घेतो. शिकविले काहीच नाही तर ते राजी होऊन काय उपयोग?

एका शहरातील एका उपचारकेंद्राने, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांना वीस बैठकींचे पैसे आगाऊ घेऊन चुंबकीय उद्दीपन दिले. वीस दिवस गुरुजी रिक्षातून जात, खुर्चीत बसत, टकटक ऐकत आणि घरी परतत. त्या वीस दिवसांत त्यांच्या हाताला कोणी हात लावला नाही. यंत्र खरे होते, चालविणारा शिकलेला होता, गैर असे कागदोपत्री काहीच नव्हते. आणि तरीही ही त्या माणसाची फसवणूक होती, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरा इशारा घरी वापरावयाच्या बॅटरीच्या पट्ट्यांविषयी. प्रवाह क्षीण असला तरी चुकीच्या जागी, कोरड्या स्पंजाने, अधिक वेळ लावल्यास कातडी भाजते. चुंबकीय उद्दीपनाने क्वचित अपस्माराचा झटका येऊ शकतो. आणि ज्यांच्या डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात बसविलेले श्रवणयंत्र आहे, छातीत पेसमेकर आहे, अथवा ज्यांना पूर्वी फिट्‌स आल्या आहेत, त्यांनी तज्ज्ञाच्या संमतीवाचून या वाटेला जाऊच नये. याचा तपशील पाचव्या प्रकरणात आहे.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडेसे. पोलिओच्या साथींच्या काळात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले तेव्हापासून या विषयाचा सारा व्यवहार इंग्रजीत चालत आला, आणि रुग्ण मात्र मराठीत विचारीत आला. मी शक्य तेथे रूढ मराठी शब्द वापरले आहेत. परंतु रुग्णाला चिठ्ठीवर जो शब्द वाचावा लागणार तो लपवून ठेवण्यात हशील नाही, म्हणून टी. एम. एस., एम. आर. आय., फिजिओथेरपी हे शब्द तसेच ठेवले. प्रकरणांचा क्रम पाहून काहींना वाटेल की यंत्राची पाळी फार उशिरा येते. ते खरे आहे. पहिली तीन प्रकरणे हाताची आहेत. चौथ्यात खांद्याची काळजी, कारण दुबळा हात ओढून उठविल्याने निखळलेला खांदा मी जितका पाहिला आहे तितका दुसरा कोणताही टाळता येण्याजोगा अपाय पाहिलेला नाही. यंत्रे पाचव्या व सहाव्यात. शेवटच्या प्रकरणात घरच्या घरी, कोणत्याही उपकरणावाचून करावयाचा अभ्यास दिला आहे, आणि त्यात प्रत्येक कृतीपुढे आवृत्तींची संख्या भरण्यासाठी चौकोन ठेवले आहेत; ते पेन्सिलने भरावे, म्हणजे पुसून पुनः वापरता येतील.

त्या आजींचा पहिला चौकोन मीच भरला होता. त्यांच्या सुनेने घरून दोन वाट्या आणि मूठभर हरभरे आणले होते. एका वाटीतला हरभरा चिमटीत धरून दुसऱ्या वाटीत टाकावयाचा, एवढेच काम. अंगठा उडाल्यानंतर सात आठवड्यांनी पहिला हरभरा वाटीच्या काठापर्यंत आला आणि बाहेर पडला. तो सुनेने खाली वाकून शोधला, आणि आजींनी तिला तो पुनः त्याच वाटीत ठेवावयास लावला.